पटकी

पिंपरी पेंढारहून मंचरला जाणारी जीप भरल्याशिवाय हलत नव्हती. माझ्या मांडीवर चार वर्षांची लेक उलट्या-जुलाबांनी मलूल पडली होती. समोरची अनोळखी म्हातारी उन्हाला, माशांना, शेजारच्या पिशव्यांना, सगळ्यांना एकच शिवी देत होती.

"आरं पटकी आली तुला, हाक की गाडी!" ती ड्रायव्हरवर ओरडली. तेवढ्यात तिची नजर लेकीवर पडली आणि तिनं स्वतःच्याच तोंडावर चापट मारून घेतली.

"काय झालं आजी?"

"पटकी म्हंजी ह्योच रोग, बाई. उलट्या-जुलाबाची साथ. माज्या आईची तीन भावंडं एका आठवड्यात नेली तिनं. तवा भ्यानं कुनी नाव घेत नव्हतं. मागनं भ्या गेलं आन नुसती शिवी ऱ्हायली."

ड्रायव्हरनं मागं पाहिलं आणि रिकाम्या जागांसकट जीप काढली. मंचरपर्यंत म्हातारी लेकीचे गार तळवे चोळत राहिली.

दवाखान्यात सलाइन लागलं. संध्याकाळी लेकीनं पाणी मागितलं. हे सांगायला कुणीतरी हवं म्हणून मी बाहेर आले, तर म्हातारी पायरीवर बसून होती. ऐकून ती उठली आणि माझ्याच डोक्यावरून हात फिरवत राहिली.