बा काडी मोडायला आला

मी भित्री हाय हे सगळ्या गावाला ठावं हाय. भांडं पडलं तरी दचकते, कुत्रं भुंकलं तरी पदर तोंडाशी जातो, बोलायला लागले की धाप लागते नि शब्द एकावर एक पडतात. तिसरीपर्यंत शाळा झाली, मग बाच्या मिठागरावर मीठ ओढायला गेले, लिहिणं तिथंच राहिलं. पण ही गोष्ट मला लिहायला जमंल, कारण त्या दिवशीचा डाव माझा व्हता, दुसऱ्या कुणाचा न्हाय.

आमचे हे पत्ते खेळतात. तेच त्यांचं काम. लोकं जुगारी म्हणतात, म्हणोत. लगीन ठरलं तेव्हा सांगितलं व्हतं की मुलगा आगबोटीवर हाय, नि ते खोटं न्हवतं, बोटीच्या भट्टीत ते कोळसा घालायचे. तिथंच खलाशांकडून पोकर शिकले. पाच पानं हातात, नको ती टाकायची, नवी घ्यायची, नि मग पैसा वाढवत जायचं. ज्याला भ्या वाटलं त्यानं पानं पालथी ठेवायची नि गप बसायचं. हे म्हणतात, चांगली पानं कुणालापण येतात, समोरच्याला पालथी ठेवायला लावायची ते खरं काम.

पुढं बोट सुटली, कोळसा सुटला, पत्ते तेवढे राहिले. नागावच्या नारळीच्या वाड्यांत मुंबईचे शेठ हवा खायला उतरतात, पालीला जत्रेत व्यापारी जमतात, तिथं हे जातात. धुतलेला सदरा, काळी टोपी, दारूला हात न्हाय. पहिल्या दिवशी खेळतच न्हायत, नुसतं बसून बघतात, चांगली पानं आली की कोणता शेठ पाय हलवतो, थाप मारताना कोण मिशीला हात लावतो. अनवाणी आलेल्या माणसाबरोबर कधी बसत न्हायत, त्याची चूल बंद पडंल म्हणतात. नि आपल्या गावात तर पत्ते बाहेर काढतच न्हायत, फक्त दुपारचं जेवण झालं की माझ्याबरोबर, चिंचोके लावून.

त्या चिंचोक्यांच्या डावात एकदा चिडून पत्ते टाकले त्यांनी. म्हणाले, "अगो, तुझं तोंड चांगल्या पानाला घाबरलेलं नि वाईट पानालापण घाबरलेलं. माणसानं वळखायचं कशावरून?" मला हसू आलं. ह्याच तोंडावरून जन्मभर टोमणे खाल्ले व्हते मी.

मग मुलगा झाला. माहेरी बाळंतपण करून, बारसं करून मी सासरी परत आले, नि पाठोपाठ मिठागरावर कुणीतरी बाला सांगितलं, तुझा जावई बोटीवर न्हाय, शेठ लोकांत पत्ते कुटतो. बा मिठागरावरचा मुकादम, चार लोकांत मान असलेला. त्याला ते सोसलं न्हाय.

एका सकाळी भरतीबरोबर होडी लागली. हे नागावला गेलेले. बा उतरला, मागं आमच्या जातीचे दोन पंच, एक जाडा, एक म्हातारा. बाच्या हातात गवताची काडी व्हती. आमच्यात पंचांसमोर काडी मोडली की लगीन तुटतं, काडीमोड म्हणतात त्याला. बा ओटीवर टेकला न्हाय, पाणीपण घेतलं न्हाय. म्हणाला, कपडे बांध, ओहोटीच्या आत निघायचं, न्हायतर होडी चिखलात बसंल.

जाडा पंच मात्र टेकला नि हसत म्हणाला, "जावई कंच्या गावाला राजा-राणी घेऊन गेलाय?"

माझी सासू आत पाळणा हलवीत व्हती, तिथनंच बोलली, "तुझ्या पोटापेक्षा मोठा मुलूख हाय त्याचा. नि मुकादम, तुमच्या मिठात माझ्या सुनेचे पाय कुजत व्हते, ते इथं येऊन बरे झाले."

बानं तिच्याकडं बघितलं न्हाय. मला म्हणाला, "पोरी, आज पैसा डावावर लावतोय, उद्या घर लावील. मी हाय तवर चल."

त्याला माझी माया व्हती, म्हणून तर भ्या जास्त. रागानं आलेल्या माणसाला सासूनं हाकललं असतं, मायेनं आलेल्याला कोण हाकलणार? न्हाय म्हटलं असतं तर त्यानं ऐकलं नसतं, रडले असते तर हात धरून होडीत बसवलं असतं, तो तेवढ्यासाठीच आला व्हता. हात थरथरत व्हते माझे. नि तेव्हाच मला सुचलं की हे हात रोजच थरथरतात, बाला त्यात नवं काय दिसणार?

मी आत गेले, लुगडी बांधली, गाठोडं आणून ओटीवर ठेवलं. बाचा जीव भांड्यात पडला. मग पाळण्यातून मुलाला उचललं नि सासूच्या मांडीवर दिलं.

"मोड काडी," मी म्हटलं. "मूल बापाच्या घराचं, ते इथं राहील. मी एकटी येते."

सासूच्या तोंडातलं पान खाली पडलं. बा म्हणाला, येडी झालीस काय, अंगावर पितंय अजून. म्हातारा पंच शहाणा व्हता, त्यानं वाट काढली, दूध पितंय तवर मूल आईकडं राहू दे, मग बघू, तसं चालतं आपल्यात.

चालतं, मला ठावं व्हतं. ह्याच जागी हे म्हणाले असते की समोरचा वाढवतोय, आता एकतर पानं पालथी ठेव न्हायतर तूपण वाढव.

"दूध तुटल्यावर परत काळीज तोडायला मी येणार न्हाय," मी म्हटलं. "आज तोडायचं ते सगळं आज तोडा. बा, तूच मोड. तुझ्याच हातानं."

मूल रडायला लागलं. माझी चोळी भिजली, पदर घट्ट ओढून घेतला, जागची हलले न्हाय. बा माझ्या तोंडाकडं बघत राहिला. लहानपणापासून तो हे तोंड बघत आला व्हता, वादळात, साप निघाला तेव्हा, लग्नाच्या दिवशी, सगळीकडं सारखंच. त्याला काही सापडंना.

खाली नावाडी ओरडला, पाणी उतरतंय.

बानं काडी कानामागं खोवली. म्हणाला, "पोराला घे आधी." नि पंचांना म्हणाला, चला, होडी बसंल. जाडा पंच चहा न्हाय म्हणून कुरकुरत उठला.

मी मुलाला पाजत पाजतच बंदरापर्यंत गेले. होडीत पाय टाकता टाकता बा वळला, हळूच म्हणाला, "खरंच ठेवलं असतंस त्याला?"

मी म्हटलं, जपून जा, चिखल हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे नागावहून आले. सासूनं सगळं सांगितलं, हातवारे करून, गाठोडं परत बांधून दाखवून. हे ऐकता ऐकता खाली बसले. शेठ लोकांसमोर ज्यांच्या डोळ्याची पापणी हलत न्हाय, त्यांच्या कपाळावर घाम आला. सासू विहिरीवर गेली तसे म्हणाले, "बानं काडी मोडली असती तर?"

काडी मोडली असती तर मी बंदरापर्यंतसुद्धा गेले नसते, वाटेतच लोळण घेतली असती, बाचे पाय धरले असते, पंचांचे धरले असते. हे मला त्या वेळेलाच ठावं व्हतं. माझ्या हातात एक पान न्हवतं.

पण समोरच्यानं पालथी ठेवली की आपली दाखवायची नसतात, हे त्यांनीच शिकवलंय. मी ओलं झालेलं मूल त्यांच्या मांडीवर दिलं, म्हटलं, धरा जरा, नि चूल पेटवायला आत गेले.