भागीरथाबाईचे पाय

आमच्या गावातलं कोणतंही जवान पोट्टं धरा अन् विचारा, तुले पहिल्यांदा आंघोळ कोणं घातली? भागीरथाबाईचंच नाव येईन. माह्यी थोरली जाऊ ती. आमचं गाव तलावाच्या पाळीले लागून, अर्ध्याच्या वर घरं मासे धरणाऱ्यांची. बाई बाळंत होऊन घरी आली की दुसऱ्या दिवशी सकाळी भागीरथाबाईले बलावणं ठरलेलं. ती पाटावर बसे, लुगडं वर खोचे, दोन्ही पाय लांब करे अन् नडग्यांवर लेकरू झोपवे. घोट्यांच्या मधात डोकं, तिच्या मांडीकडं लेकराचे पाय. तेल माखलेलं लेकरू केवढं निसरडं असते, पण तिच्या पायावरून कधी एक निसटलं नाई. मी एकदा हौसेनं घालून पाह्यली त त्या लेकरानं घर डोक्यावर घेतलं.

अन् तोंड म्हणाल त बापा! बाळंतिणीच्या सासूलेही सोडे नाई. "पाणी लेकरासाठी तापवलं का कोंबडी सोलायले वं?" असं सरळ तोंडावर विचारे. बाया राग मानत नव्हत्या. तिच्या हातची आंघोळ झाली की लेकरू दुपारपर्यंत झोपे, मग कोण कायले राग मानते?

एका पावसाळ्यात तलावात शिंपल्यानं तिचा तळपाय कापला. तेवढीशी जखम. हळद दाबली, पाला बांधला. तिले शुगर हाये हे आम्हाले कुठी ठाऊक? पाय काळा पडला तेव्हा चंद्रपूरले नेलं, अन् डाक्टरनं गुडघ्याच्या वरून काढून टाकला. शुद्धीवर आली तशी तिनं मले पहिलं काय विचारलं सांगू? "कांते, आता पायलचं लेकरू मी कायच्यावर झोपवू?"

पायल तिची एकुलती एक पोरगी, कोरपन्याकडं देलेली. किती वर्षं पाळणा हालला नव्हता. नवससायास झाले, दवाखाने झाले, अन् आता कुठी तिले दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरीच होणार. साऱ्या गावाची लेकरं जिनं पायावर घेतली, तिच्या स्वतःच्या नातीले नाई त नातवाले घ्यायची वेळ आली अन् पायच गेला. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन पदर तोंडात कोंबून रडली. ती मात्र रडली नाई. घरी आल्याबरोबर म्हणे, कोलूले बलाव, लेकरू झोपवायले लाकडाचे पाय करून घेतो.

कोलू म्हणजे आमच्या गावचा सुतार. गरीब माणूस, पण डोकं जड. तो म्हणे, माप कशाचं घेऊ बाई? हिनं उरलेला पाय लांब केला. "याचं घे. दुसराही असाच होता."

कोलूनं पहिल्यांदा फळी आणली. हिनं तिथीच त्याची आरती ओवाळली. "मुडद्या, हा त पाट झाला. याच्यात पाय कुठी हाये?" मग त्यानं दोन बांबू जोडून आणले, ते लेकराच्या पाठीले रुततीन म्हणून वापस. शेवटी लाकूड तासून खऱ्या नडग्यांसारखे दोन गोल दांडे केले, मधात फट ठेवली, टोकाले पावलं असतात तशी चढण. त्या फटीवर हिनं जुन्या जाळ्याचा तुकडा स्वतःच्या हातानं ओवून बांधला, वरून धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं. पाणी खाली गळून जाये. अन् ते पाय उलटे केले की पाठीकडून सपाट, तिथी कोरड्या गोधडीचा तुकडा अंथरायचा. आंघोळ झाली की लेकरू उचलायचं, लाकडाचे पाय उलटे करायचे, अन् कोरड्यावर लेकराले पुसून लंगोट बांधायचा. हे सारं तिच्या डोक्यातलं. कोलूचे फक्त हात.

पण लेकरू निसटणार नाई हे कसं समजायचं? तिचा नवरा, म्हणजे माह्ये भासरे, तलावातून जित्ती मरळ घेऊन आले. हिनं मरळीले तेल चोपडलं अन् ठेवली त्याच्यावर. मरळीनं जी उडी मारली ते सरळ कोलूच्या मांडीवर! तो बोंबलत पाळीवर पळाला. आम्ही पोट धरून हासलो. हिनं जाळं जरासं ढिलं केलं. ताणलेलं जाळं फेकते, ढिलं जाळं धरते, हे आमच्या घरात कोणाले शिकवा लागत नाई. ढिलं केल्यावर मरळ वळवळली, वळवळली, अन् मधातच पडून राह्यली. भागीरथाबाईच्या तोंडावर तेव्हा जो आनंद पाह्यला, तो अजून आठवते. संध्याकाळी त्याच मरळीचा रस्सा केला.

पायलले पोरगी झाली. गोरीपान, डोक्यावर भरगच्च केस. दवाखान्यातून घरी आणली, अन् दुसऱ्या दिवशी भागीरथाबाई भल्या पहाटे पाणी तापवून तयार. पाटावर बसली, भिंतीले पाठ लावली, लाकडाचे पाय समोर घेतले. पोरगी ठेवली, तेल लावलं, पाणी सोडलं. पोरगी टुकूटुकू पाहून राह्यली, रडण्याचं नाव नाई. मी देवाले हात जोडले.

मग पाठ धुवायले तिनं पोरीले पालथी केली अन् गंगाळातलं पाणी घ्यायले वाकली. एका पायाच्या माणसाचा तोल! पाटासकट कलंडली. गंगाळ उपडं, पाणी साऱ्या न्हाणीत. पोरगी होती तिथीच होती, जाळ्यात, सुखरूप. पण पायलनं अशी किंकाळी मारली की शेजारची नीलिमा धावत आली.

"आई, राहू दे! तू नको घालू आता."

"अवं, पोरगी हालली तरी का? पाह्य नं."

"तेच त म्हणतो मी. तिले तू धरलंच नोतं, तरी ती पडली नाई. मग मीच घालीन नं आई. तू बस."

भागीरथाबाई ओल्या जमिनीवर तशीच पडून होती. मी तिले उठवलं. मले पायलचा राग आला, खोटं कायले बोलू? पण तिच्या जागी मी असती त मीही हेच केलं असतं. इतक्या वर्षांनी झालेलं लेकरू.

पायल माहेरी असेपर्यंत रोज पायलच आंघोळ घाले. भागीरथाबाई दारात बसून म्हणे, मान धर, कानात पाणी नको जाऊ देऊ. पायल म्हणे, हव आई, समजलं. मग हळूहळू तिनं सांगणंही सोडलं. पायलचा नवरा न्यायले आला तो प्लास्टिकचा टब घेऊनच आला, म्हणून लाकडाचे पाय इथीच राह्यले.

तिथून ते गावात फिरून राह्यले. नीलिमाच्या सुनेनं नेले, मग दोन घरं पलीकडच्या पोचूच्या घरी गेले. बाया म्हणतात, काय सोय केली बाईनं! आता कोणाची वाट पाहा लागत नाई. मागच्या महिन्यात पोचूची थोरली सून बाळंत होऊन घरी आली, तशी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची धाकटी सून आली. तिले पाहून भागीरथाबाईनं घाईघाईनं धुतलेलं लुगडं नेसलं, कुबडी घेतली. "चाल, येतो मी."

"तुम्ही कायले तरास घेता बाई? पाय तेवढे द्या."

हिनं देले. जाळं ढिलं हाये का ते बोटानं दाबून पाह्यलं अन् देले. पोरगी गेल्यावर बाजेवर बसली, कुबडी खाली टाकली.

"कांते, एक डाक्टरनं कापला," ती म्हणे, "अन् उरलेला म्या आपल्या हातानं कापून गावाले देला."

मी तिच्या जवळ बसली. पोचूच्या घराकडून लेकराचा आवाज येते का म्हणून ती कान देऊन बसली होती. लेकरू रडलंच नाई.