भूकंपाच्या पिशवीतली वोडका

मंडळाच्या दिवाळी अंकाला "काहीतरी मजेशीर लिहा ना काका" म्हणून पोरं मागं लागलीत. मजेशीर! अब्रू माझी गेली आणि हसवायचंही मीच! चौथी पास वेल्डर मी. लिहीन तसं छापा, शुद्धलेखन तुमचं तुम्ही बघा. इथं जपानात, हिगाशी-कसाईत, प्लॅस्टिकच्या कचऱ्याचा दिवस चुकला की बाल्कनीत पिशव्या साठत जातात. किस्सेही तसेच साठतात. आमच्या बिल्डिंगीतल्या मराठी मंडळींचे तर इतके झालेत की पाय ठेवायला जागा नाही.

* * *

माझा मुलगा निलेश आणि खालच्या मजल्यावरचा सचिन, दोघं आयटीतले. दोघांनी सिगारेट सोडली आणि ते वाफेचं यंत्र ओढायला लागले. वेप म्हणतात त्याला. त्यात भरायचं पाणी दुकानात मिळतं, पण यांना घरीच बनवायचं! माझी सून केतकी हॉलमध्ये करू देईना. मग प्रयोगशाळा कुठं? म्हाताऱ्याच्या खोलीत!

कस्टर्ड झालं, कॉफी झाली. मग एक दिवस सचिननं परदेशातून वोडकाचा अर्क मागवला.

"दारू आणलीस माझ्या खोलीत?"

"दारू नाही हो काका, नुसता फ्लेवर. कॉन्सन्ट्रेट."

"कशी असते याची चव?"

"वोडकाला तशी चव नसतेच."

"मग बाटलीत काय भरलंय, गाढवा?"

यावर निलेश म्हणाला, "बाबा, तुम्हाला नाही कळणार."

खरंय. मला अजून कळलेलं नाही!

* * *

पाणी तयार झालं. आता टेस्टिंग! हे वोडकासारखं लागतं की नाही, हे सांगायला वोडका प्यालेला माणूस पाहिजे. आणि नेमकी त्याच वेळी सचिनची बायको मुग्धा त्याला जेवायला बोलवायला आली आणि दारातच उभी राहिली.

सचिननं झुरका घेतला. "सांगता येत नाही बुवा. मी कुठं कधी घेतलीय?"

निलेशनं घेतला. "मलाही काही कल्पना नाही."

शुक्रवारी ऑफिसच्या पार्टीला जाऊन हे दोघं काय उसाचा रस पितात?

मग सचिन म्हणतो, "काका, तुम्हीच सांगा. तुम्ही जग बघितलंय."

मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. देवाधर्मासाठी नव्हे; आमचा बाप प्यायला तेवढी घराला पुरली. यंत्राला तोंडही न लावता मी नुसता वास घेतला आणि म्हणालो, "इंजेक्शनच्या आधी नर्स बोळा फिरवते, तसा येतोय."

"करेक्ट! काकांनी बरोबर ओळखलं!" सचिन ओरडला.

मुग्धा माझ्याकडं बघायला लागली.

* * *

तो वास खोलीत मुरला. उशीत गेला, पांघरुणात गेला, माझ्या स्वेटरात जाऊन बसला. धावत येऊन मांडीवर बसणारी माझी नात ईरा दारातच थांबली आणि नाक धरून जपानीत ओरडली, "आजोबा, कुसाई!" म्हणजे घाण वास येतोय.

केतकीनं स्वेटर उचलला, हुंगला, घडी घालून ठेवला. भांडली असती तर बरं झालं असतं! निलेश समोर बसून वरणभात कालवत होता.

* * *

मोठ्या भूकंपानंतर इथं घरोघरी दाराशी एक पिशवी भरून ठेवलेली असते. पाणी, बिस्किटं, बॅटरी. केतकीनं आमच्याकडं माणशी एक केलीय, वर नाव घालून.

बिल्डिंगीची भूकंपाची कवायत होती. सगळे पिशव्या घेऊन खाली. शेजारच्या इशिदा-सान, वयानं माझ्याएवढ्या, एकेकाच्या पिशवीत पाणी ताजं आहे का ते बघत होत्या. माझ्या पिशवीत हात घातला आणि निघाली बाटली! मुग्धानं लेबल मोठ्यानं वाचलं, "वोडका!"

केतकीला दिसू नये म्हणून निलेशनं ती माझ्या पिशवीत कोंबली होती. मी त्याच्या तोंडाकडं बघतोय आणि तो मोबाईलमध्ये!

इशिदा-साननी बाटली परत आत ठेवली, तिच्यावर बिस्किटांचा पुडा ठेवला आणि मलाच वाकून नमस्कार केला.

* * *

या देशात मला एकच काम होतं. बिल्डिंगीतल्या पोरांना सकाळी शाळेच्या बसपर्यंत न्यायचं. भाषा येत नाही, ट्रेन कळत नाही, पण पोरांचे हात धरता येतात.

कवायतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गेलो तर मुग्धा स्वतः सगळ्या पोरांना घेऊन उभी. "काका, ऊन फार आहे हो. तुम्ही आराम करा."

सकाळचं कसलं डोंबलाचं ऊन!

केतकीनंही ईराचा हात धरला. "आज मी सोडते, बाबा."

मी निलेशला म्हटलं, "बाटली कुणाची ते सांग त्यांना."

"सांगतो ना बाबा. जरा वेळ बघून सांगतो."

ऊन संपलं, थंडी पडली, तरी याची वेळ येईना!

* * *

शेवटी एका रविवारी सचिन-मुग्धा आमच्याकडं पोहे खायला आले, तेव्हा मीच बाटली आणि यंत्र आणून टेबलावर आपटलं.

"बोला. कुणाची ही?"

सचिन चाचरत म्हणाला, "मुग्धा, ती दारू नाहीये. वेपचा फ्लेवर आहे. काकांचा काही संबंध नाही. आणि वोडकासारखा लागतही नाही तो."

"तुला काय माहीत वोडका कशी लागते?" मुग्धानं विचारलं.

सचिननं पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. निलेश पोह्यातल्या मिरच्या वेचत बसला.

तेवढ्यात केतकी उठली. तिनं यंत्र उचललं, न शोधता बटण दाबलं, लांब झुरका घेतला आणि डोळे मिटून नाकातून वाफ सोडली.

"सचिन बरोबर बोलतोय, मुग्धा. वोडका अशी नसते. ही फार गोड आहे."

निलेशच्या हातातला चमचा तेवढा वाजला.

सोमवारी पोरं माझ्या दारात हजर! मुग्धानं लिफ्टमध्ये माफी मागितली. सचिननं मागितली. केतकी स्वेटर धुऊन घेऊन आली आणि म्हणाली, "चुकलं माझं, बाबा." इशिदा-सान, ज्यांचा काडीचा संबंध नाही, त्यासुद्धा संत्री घेऊन दाराशी आल्या आणि वाकून वाकून सुमिमासेन, म्हणजे माफ करा, म्हणत राहिल्या.

एकजण राहिलाय. रोज सकाळी मी केलेला चहा पितो, आडनाव माझंच लावतो. निलेश.