काजूच्या कारखान्यातला भोंगा

मालवणात माझं सीसीटीव्हीचं दुकान आहे. बरीचशी कामं तारकर्लीच्या लॉजांची. तिथं खाऱ्या हवेनं जोडण्या गंजतात, म्हणून आतल्या गावातल्या काजू कारखान्याचं काम आलं तेव्हा बरं वाटलं होतं.

कॅमेरे लागले. रेकॉर्डरचा डबा टेबलावर फिरवून मी त्याच्या पाठीमागच्या जोडण्या करत होतो. कॅमेऱ्यांच्या तारा बसल्या, टीव्हीची बसली. मालक शेजारी खुर्ची टाकून बघत होता. कोपऱ्यातल्या हिरव्या पट्टीवर त्यानं बोट ठेवलं.

"ह्यां कित्याक?"

"भोंग्याक. कॅमेऱ्यात आखलेली रेघ कोणी ओलांडली तर वाजता. रातीचो चोर शिरलो तर बरां."

"रातीक वॉचमन आसा. माका दिवसा व्हयो. बायका बसतत कमी, उठतत जास्त."

मी भोंग्याला वेगळा अडॅप्टर दिला, तारा सोलून हिरव्या पट्टीच्या भोकांत घातल्या आणि बारीक स्क्रू आवळले. बाकड्यांच्या कडेनं पडद्यावर रेघ आखली. भोंग्याची जागा मालकानंच दाखवली, काजू सोलणाऱ्या शेवटच्या बाईच्या बरोबर डोक्यावर.

ती त्याची थोरली वहिनी. कारखाना तिच्या नवऱ्यानं उभा केलेला. तो गेल्यावर दिरानं तिला घरातून उठवून बाकड्यावर बसवलं होतं, कारण ती आपला हिस्सा सोडत नव्हती.

भोंगा वाजतो का बघायला मी रेघेकडे निघालो. मालकानं मला थांबवलं.

"तू नको. वैनी, उठा."

ती उठली. भोंगा एवढ्या जोरात वाजला की तिनं दोन्ही कानांवर हात नेले.

"बसा. आता परत उठा."

गुडघे धरत ती उठली. बायका आधी हसल्या, मग माना खाली घालून काजू सोलू लागल्या.

"बरोबर वाजता," मी म्हणालो.

"परत एकदा बघूया. उठा, वैनी."

त्याचं समाधान झाल्यावर ती माझ्याजवळ आली. "आवाज बारीक करूक येता काय रे?"

"नाय येणा."

"बरां," म्हणाली आणि जागेवर गेली.

पुढे पावसाळ्यात मालकाचा फोन आला, भोंगा थांबत नाही. गेलो तर वहिनीच्या जागी नवी बाई होती. मी विचारलं, तेव्हा मालकानं टीव्हीवर रेकॉर्डिंग लावून दाखवलं.

वहिनी उठते. सालांवरून तिचा पाय घसरतो, ती कुशीवर पडते. भोंगा वाजत राहतो. ती हात पुढे करते. बायका तिच्याकडे बघतात, मग कॅमेऱ्याकडे, आणि जागची एकही हलत नाही. शेजारची बाई आपला पाय तेवढा आत ओढून घेते. मग मालक येतो. आधी डब्यामागची तार हिसकून भोंगा बंद करतो, मग वहिनीकडे वळतो.

"बघलंस? एक उठाक नाय. शिस्त लागली."

तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ती माहेरी अंथरुणावर होती.

हिसकलेली तार त्यानं स्वतःच परत खुपसली होती. त्या तारेचे तांब्याचे सुटे धागे शेजारच्या तारेला चिकटले होते, म्हणून भोंगा थांबत नव्हता. मी दोन्ही तारा काढल्या. शांत झालं.

"आता नीट लाव."

"मी लावणंय नाय. दुसरो कोण बघा."

त्याला दुसरा मिळाला. तळेरे गावाकडून कोणी येऊन लावून गेला असं नंतर कानावर आलं.

त्या दिवशी परतताना वाटेवरच वहिनीचं माहेर, म्हणून मी थांबलो. पडवीतल्या खाटेवर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी कोण ते सांगितलं.

"माझ्या जाग्यार आता कोण बसता?" तिनं विचारलं.

"एक नवी पोर."



"तिका सांग," ती म्हणाली, "सकाळपासून पाणी पिव नको म्हणान. उठाक लागणा नाय."