कोराडोची बोट बाहेर राहिली

शनिवारची सकाळ होती. रोझाल्बाने कॉफीची किटली गॅसवर चढवली होती आणि सिंकपाशी उभी राहून ती निळ्या खेकड्यांच्या नांग्या मोडत होती. तिचा नवरा टानो टेबलाशी रेडिओ कानाला लावून बसला होता.

"जरा हळू मोड की. हवामान ऐकू येत नाही."

"मग अंगणात जाऊन आभाळ बघ. खेकड्यांना गप्प बसा म्हणून मी कशी सांगू?"

तेवढ्यात पुढचं दार वाजलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पोर्ट पिरी या बंदरगावातल्या या गल्लीत पुढचं दार कुणी वाजवत नाही. ओळखीची माणसं मागच्या जाळीच्या दारातून हाक मारत सरळ आत येतात. पुढून येतो तो काहीतरी विकायला, नाहीतर कुणी गेल्याचं सांगायला. रोझाल्बाने हात पुसले आणि मनाशी म्हटलं, आता कोण?

दारात शेजारचा मर्व्ह होता. हातात धुण्याची टोपली, टोपलीत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं गेमचं यंत्र. दम्याचा माणूस, कुंपण ओलांडून येईपर्यंत चेहरा लाल झाला होता.

"मागची कडी काढायला हात मोकळा नव्हता," तो म्हणाला. "रोझी, हे मेलं बंद पडलंय. आणि बोट बाहेर आहे गं!"

कुठली बोट, ते तिला सांगावं लागलं नाही. कोराडो तिचा धाकटा भाऊ, नाताळच्या जरा आधी कॅन्सरने गेला. त्याने आणि मर्व्हने वडिलांच्या बोटीवर उभा जन्म मासे धरले होते. पुढे मासेमारीचे परवाने गेले, बोट मोडीत गेली. आजारपणात कोराडोने एक समुद्राचा गेम घेतला. त्यात आपलं बंदर आपणच बांधायचं. त्याने लहानपणीचा लाकडी धक्का बांधला, बर्फाची खोली बांधली, आणि वडिलांची बोट 'आंजेला' फळीन् फळी आठवून पुन्हा उभी केली. मर्व्ह शेजारी बसून चुका काढायचा. "पुढचं टोक इतकं उंच नव्हतं रे, तुझ्या आठवणीला सूज आलीय." हॉस्पिटलात जायच्या आधी कोराडोने यंत्र मर्व्हच्या घरी पोचवलं, खात्याचा पासवर्डही सांगितला आणि म्हणाला, बोट चालती ठेव, पण परत आणून बांधत जा.

हे बांधायचं म्हणजे गंमत नव्हे. दुसऱ्याची बोट घेतली तर आपल्या हाताने तिच्या जागी आणून बांधायची, मगच घरी जायचं, अशी इथली रीत. कुणी बोट तशीच सोडून आला, तर रोझाल्बाचे वडील त्याला उंबऱ्यावर उभं करत नसत. मर्व्ह रोज सकाळी 'आंजेला' घेऊन निघायचा आणि चहाच्या वेळेला आणून बांधायचा. परवा गेममध्ये तो शेवटच्या दीपस्तंभापलीकडे असताना दम्याची उबळ आली, म्हणून त्याने यंत्र बंद केलं. काल उघडायला गेला तर उघडेना.

"मला वाटलं तुला काही कळेल. तू असल्या गोष्टींत हुशार."

रोझाल्बाने यंत्र टीव्हीला जोडलं. पडद्यावर पांढरी पाटी आली. खातेदाराच्या मृत्यूची सूचना मिळाल्यामुळे हे खातं बंद करण्यात आलं आहे.

ती पडद्यासमोर येऊन उभी राहिली.

"काय म्हणतंय?" मर्व्हने चष्मा आणला नव्हता.

"काही नाही... बिघाड आहे कसलातरी," ती म्हणाली. "ठेवून जा. दुरुस्तीला देते."

टानोने रेडिओ बंद केला आणि बायकोकडे पाहिलं. त्याने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

रोझाल्बाने आयुष्य शाळेच्या ऑफिसात काढलं होतं. कुणाचं काय राहिलंय ते लक्षात ठेवणं हा तिचा स्वभावच. गल्लीत कुणी गेलं की घरची माणसं रडायला मोकळी, बाकीचं रोझाल्बा बघायची. बँकेला कळवायचं, वीज, फोन, गाडीचा परवाना, वाचनालयाचं कार्ड, सगळं. "माणूस गेला की मागे उघडं काही राहू नये," असं ती म्हणायची. लोक तिला तळलेल्या गोड पापड्या आणून द्यायचे आणि म्हणायचे, तू होतीस म्हणून. ते ऐकायला तिला आवडायचं, हे तिने स्वतःशीसुद्धा कधी लपवलं नव्हतं.

सख्ख्या भावाच्या बाबतीत तिने जरा जास्तच केलं. परवा त्याची मेल चाळताना गेमच्या दुकानाचं खातं दिसलं. कुणी लफंग्याने भावाच्या नावावर काही घेतलं तर? तिने लगेच त्यांना कळवलं, मृत्यूचा दाखला जोडला, कृपया बंद करावं म्हणून आर्जव केलं. उत्तर आलं तेही किती सौजन्याचं! आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. तिला हलकं वाटलं होतं. यंत्र मर्व्हकडे आहे हे ठाऊक असून तिला त्याला विचारावंसं वाटलं नाही. करवत दिली की करवत ज्याला दिली त्याची, मासे धरायचं जाळं दिलं की जाळं त्याचं. दिलेली वस्तू दूरवरचा कुणी नुसत्या शब्दाने परत बंद करू शकतो, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मर्व्ह गेल्यावर तिने कंपनीला फोन लावला. पलीकडे एक मधाळ आवाजाची मुलगी.

"मॅडम, तुमच्या भावाने गेम विकत घेतला नव्हता. वापरायचा परवाना घेतला होता, आणि तो फक्त त्यांच्यापुरता."

"पैसे घेतलेत ना तुम्ही?"

"परवान्याचे, मॅडम."

"बरं, चूक माझी. मी सांगितलेलं मागे घेते. पुन्हा चालू करा."

"मॅडम... ते गेले आहेत ना?"

"हो," रोझाल्बा म्हणाली.

"आणि एक विचारू? त्यांच्या मृत्यूनंतरही खातं वापरात दिसतंय. कोण वापरत होतं?"

तिने झटकन फोन ठेवला. आता मर्व्हलाच चोर ठरवतात की काय?

टानो दारात उभा होता. "गेम घेताना बटणावर काय लिहिलं होतं? 'विकत घ्या' असंच ना?"

"हो."

"मग? उद्या मी मेलो तर फ्रिजवाला येऊन आपलं दूध ओतून देणार का? म्हणे, फ्रिज टानोपुरता होता!" तिला हसू आलं नाही तसा तो खाली बसला. "ते जाऊ दे. मर्व्हला कधी सांगणार आहेस?"

"सांगते."

पण सांगितलं नाही. मर्व्ह कुंपणावरून विचारायचा, "काय म्हणतो दुरुस्तीवाला?" आणि ती म्हणायची, "गर्दी आहे त्याच्याकडे." यंत्र तिच्या कपाटात चादरींखाली होतं. चादर काढायला गेली की बोटांना त्याचा गार कोपरा लागायचा. मर्व्हने सकाळी टोमॅटोला पाणी घालायला सुरुवात केली होती, आणि पाणी घालून झालं तरी तो नळी हातात धरून उभाच असायचा. खिडकीतून ते बघवायचं नाही, आणि तिथून पायही निघायचा नाही.

मग एका दुपारी तो मागच्या दाराने आला, तो केळ्याच्या रंगाच्या डब्यात मासे घेऊन. काटे काढून, स्वच्छ केलेले.

"हे दुरुस्तीवाल्याला दे. म्हणावं, म्हाताऱ्याचं जरा आधी बघ. बोट बाहेर आहे म्हणावं. हसेल, हसू दे."

तिने डबा घेतलाच नाही.

"मर्व्ह, दुरुस्तीवाला नाहीये. यंत्र धडधाकट आहे. मी बंद केलं ते."

"तू?"

"कोराडो गेल्याचं मी त्यांना कळवलं. त्यांनी खातं मिटवून टाकलं. पहिल्याच दिवशी मला कळलं होतं. तुला खोटं सांगितलं."

"त्यांनाही कळवलंस?" मर्व्ह म्हणाला. "त्यांना काय करायचं होतं गं ते? ते काय मयताला येणार होते?"

"मला वाटलं, उघडं राहायला नको."

"उघडं नव्हतं. मी होतो तिथे."

त्याने डबा ओट्यावर ठेवला. "फ्रिजमध्ये टाक, उकाडा आहे," म्हणाला आणि गेला. एरवी कडी लावून जाणारा माणूस, फाटक तसंच सोडून गेला. ते वाऱ्याने आपटत राहिलं. रोझाल्बाला उठून ते लावायचा धीर झाला नाही. मासे टानोने तळले. तिने ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी तिने राज्याच्या ग्राहक कार्यालयाला फोन केला आणि सगळं सांगितलं, मर्व्ह खातं वापरत होता हेसुद्धा, आपण खोटं बोललो हेसुद्धा. ते कुणी विचारलं नव्हतं. तिथला माणूस म्हणाला, कंपनीशी बोलतो, सोमवारी फोन करतो.

सोमवारी सकाळी ती मर्व्हच्या जाळीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. हाक मारायचा हक्क आपल्याला उरलाय का, हे ठरेना, म्हणून तिने दार वाजवलं.

"वाजवतेस काय, परक्यासारखी?" आतून आवाज आला. आवाजात ऊब नव्हती, पण ग्राहक कार्यालयाचा फोन येणार म्हटल्यावर तो चष्मा घेऊन बाहेर आला.

रोझाल्बाच्या घरी फोन टेबलावर मोठ्या आवाजात लावला. एका बाजूला टानो, एका बाजूला मर्व्ह. ग्राहक कार्यालयातला माणूस शांतपणे बोलत होता. विकत घ्या म्हणून विकायचं आणि मागाहून परवाना म्हणायचं, हे न्याय्य आहे का, असं कंपनीला विचारता येतं, आणि त्याने विचारलंही होतं. निकाल काय लागेल याचं वचन तो देऊ शकत नव्हता. वेळही लागेल. दरम्यान कंपनी सद्भावना म्हणून गेमचे पैसे परत द्यायला तयार आहे. साठवलेलं बंदर अजून त्यांच्याकडे आहे, पण काही आठवड्यांनी ते पुसलं जाईल.

"बोट?" मर्व्हने विचारलं.

"तीही त्यातच असेल, सर."

मर्व्हने चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला.

"तर मला लिहून घ्यायचंय," तो माणूस म्हणाला, "तुमची नेमकी मागणी काय? पैसे, माफी, नुकसानभरपाई? बाई, तक्रार तुमच्या नावावर आहे, तुम्ही सांगा."

रोझाल्बाने मर्व्हकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. तिने फोन जवळ ओढला.

"पैसे नकोत," ती म्हणाली. "माफी तर मीच मागायची आहे. माझ्या भावाचं खातं फक्त एकदा उघडा. मर्व्ह टिलब्रूकला बोट आणून धक्क्याला बांधू द्या. मग बंद करा."