सातव्या दगडाला मी ‘राख’ म्हणालो

सगळ्यात आधी धर्मीआक्काचं नाव लिहितो. शेवटी लिहायचं ठेवलं आणि राहून गेलं, असं व्हायला नको. पेणच्या खाडीकाठच्या खारेपाटात मिठागरावर काम करणारी बाई. वय सत्तरीच्या पुढं, गुडघे गेलेले. ती नसती तर एक सात वर्षांची पोरगी आज नसती. आणि मी कुठं असतो ते मला माहीत नाही.

मी फार शिकलेला नाही. सातवीत शाळा सोडली, लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आम्ही सांगोल्याकडची मेंढरं राखणारी माणसं. माळावर एकट्यानं झोपायची सवय. भ्यालो असतो तर पोट कसं भरलं असतं? पण हे जे घडलं ते... सांगतो.

आधी आमची एक रीत सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मेंढरामागं लांब जायचं असलं की आम्ही घोंगडी, भाकरीचं फडकं एका जागी ठेवतो, कुत्र्याला तिथं बसवतो आणि म्हणतो, “राख.” मग तो हलत नाही. ज्यानं ‘राख’ म्हटलं त्यानंच परत येऊन, वस्तू उचलून, “झालं, चल” म्हणायचं. दुसऱ्या कुणाचं तो ऐकत नाही. लहानपणी मी आमच्या लाल्याला असा बसवून पावसात घरी पळालो आणि विसरलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो तर लाल्या तसाच घोंगडीवर. भाकरीला तोंड लावलेलं नव्हतं. त्या दिवशी आज्यानं मला असला मारलाय...

असो. आता मी रोह्यात राहतो, एका मंडपवाल्या शेठकडं कामाला आहे. गेल्या थंडीत रोह्याच्या एका कंपनीची फॅमिली पिकनिक होती. जागा पेणच्या खाडीकडची. पूर्वी तिथं मिठागराच्या कुणा साहेबाचा बंगला होता म्हणे. आता फक्त जोतं राहिलंय, आणि मागं साहेबाच्या कुत्र्यांच्या कबरी. खरंच, कुत्र्यांच्या! सहा दगड ओळीत, वर इंग्रजी अक्षरात नावं कोरलेली. सातवा मात्र वेगळा, बांधाच्या पलीकडं खाडीच्या अंगाला. तिथं बांधाला लाकडी दार आहे, भरतीचं पाणी आत घ्यायला किंवा अडवायला. त्याला इकडं उघाडी म्हणतात. त्या उघाडीजवळ एकटाच दगड, आणि त्याच्यावरचं नाव खाऱ्या वाऱ्यानं पार खाऊन टाकलेलं.

इव्हेंटवाल्या मॅडमनी पोरांसाठी ट्रेझर हंट ठेवला होता. एकेका कबरीवर एकेक चिठ्ठी, आणि खजिन्याचा पत्र्याचा डबा शेवटच्या दगडावर. सकाळी आठला त्या म्हणाल्या, “हे सगळं तू लाव. आणि डबा गावातल्या पोरांनी किंवा माकडांनी नेला ना, तर तुझ्या शेठला सांगून उद्यापासून घरी बसवेन.”

सहा चिठ्ठ्या लावल्या. सातव्या दगडाशी गेलो तर ओहोटी होती, नुसता चिखल. डबा ठेवला. वाऱ्यानं उडू नये म्हणून माझा खांद्यावरचा टॉवेल त्याच्यावर टाकला. मला इकडं तिकडं बघायला पन्नास कामं होती, डब्यापाशी थांबणार कोण? आणि समोर कुत्र्याची कबर... तोंडातून सवयीनं गेलं. हसत हसतच म्हणालो, “राख रे बाबा. कुणाला हात लावू देऊ नको.”

एवढंच. शपथेवर सांगतो, एवढंच म्हणालो.

बाराच्या सुमाराला पोरं सुटली. कल्ला, शिट्ट्या, पळापळ. सहाव्या चिठ्ठीवर सगळी अडली, कारण बांधाच्या पलीकडंही दगड आहे हे कुणाच्या डोक्यात येईना. मॅडमनी जेवायला हाका मारल्या. ताटं मांडताना एक ताट रिकामं राहिलं.

“ओवी कुठंय? माझी ओवी?” एका बाईचा आवाज.

पौर्णिमा होऊन एकच दिवस झाला होता, मोठी भरती दुपारची. मी बांधावर चढलो... सकाळच्या चिखलाच्या जागी पाणी! आणि सातव्या दगडाशी ती पोरगी उभी. पिवळा फ्रॉक, दोन्ही हातात डबा, पाणी घोट्याच्या वर.

“ओवी, ये इकडं! पळ!” मी ओरडलो.

ती रडत नव्हती. बारीक आवाजात म्हणाली, “काका, हा मला सोडत नाही.”

“कोण?”

“हाच.” तिनं खाली बघितलं.

तिच्या फ्रॉकचा मागचा घेर ताणलेला होता. मागं, आडवा, कुणीतरी धरून ओढावा तसा. आणि धरणारं कुणी नव्हतं! वारा मागून होता हो, तरी कापड मागंच ताणलेलं होतं. मी पाण्यात उतरलो, फ्रॉकच्या टोकापाशी हात घातला. काटा नाही, तार नाही, फांदी नाही. नुसती हवा. पण हाताला गरम लागली. श्वास लागतो तशी.

मी हात काढला. लाज वाटते सांगायला, मी दोन पावलं मागं सरलो.

तेवढ्यात तिचे वडील आले. ते पोरीला उचलायला गेले तर ती उचलेना. जोर लावला तर दोघंही पाण्यात पडले. पाणी आता तिच्या कमरेला. बांधावर बायका किंचाळायला लागल्या, कुणी म्हणे कात्री आणा, कुणी म्हणे दोर. वडिलांनी फ्रॉक फाडायला हात घातला आणि त्यांनी असा हात मागं घेतला... मनगटावर चार लाल ठिपके.

पलीकडच्या मिठागरातून एक म्हातारी लंगडत बांधावर आली. तीच धर्मीआक्का, इकडच्या बोलीत ‘ड’चा ‘र’ करून बोलणारी. तिनं एकदा दगडाकडं बघितलं, एकदा पोरीच्या हातातल्या डब्याकडं, आणि पाण्यावर तरंगणाऱ्या माझ्या टॉवेलाकडं.

“ह्यो फडका कुनाचा?”

मीच म्हणालो, “माझा.”

“काय बोललास ठेवताना?”

“काय नाय, मावशी...”

“काय नाय कसा? पोर बुरतेय, नि हा बोलतोय काय नाय! राखाया लावलास काय त्याला?”

मी मान हलवली.

“मंग आमच्या तोंडाकडं काय बगतस? ज्यानं लावला त्यानंच सोडवायचा. जा!”

मी गेलो. पोरीच्या हातातून डबा घेतला, टॉवेल उचलून खांद्यावर टाकला आणि जिथं कुत्र्याचं डोकं असतं तेवढ्या उंचीवर, पाण्यातच, हात ठेवला. हाताखाली काहीतरी होतं. केसाळ. ओलं. मी डोळे मिटले आणि म्हणालो, “झालं रे. झालं. चल.”

फ्रॉक सैल पडला. ओवी वडिलांच्या गळ्यात.

नंतर सगळे म्हणाले, उघाडीच्या लाकडाला कापड अडकलं असणार. मॅडमही तेच म्हणाल्या. वडील मात्र मनगटावर रुमाल बांधून पोरीला घेऊन लगेच निघाले. जाताना त्यांनी माझा हात धरला. हे माझ्यामुळंच झालं हे त्या गोंधळात त्यांना कळलं नव्हतं. कळलं असतं, तर?

इथं संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं.

संध्याकाळी पेणहून रोह्याची गाडी पकडली. डब्यात गर्दी नव्हती. खिडकीशी बसलो. निडी स्टेशनला एक म्हातारी कोंबडीची पाटी घेऊन चढली, माझ्या समोर बसायला आली आणि थबकली. पाटी वर उचलून छातीशी धरली. माझ्या पायाशी बघत म्हणाली, “बाला, तुजा कुत्रा कोंबरीला काय करनार नाय ना?”

मी खाली बघितलं. काहीच नव्हतं.

“नाय,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? ती पलीकडं जाऊन बसली. पण कोंबडी रोहा येईपर्यंत पाटीत फडफडत होती.

पुढचे तीन दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. खोलीत पाऊल टाकलं की मागून नखांचा आवाज, फरशीवर, टिक टिक टिक. मी थांबलो की तोही थांबायचा. टॉवेल कोपऱ्यात टाकला तर सकाळी मधोमध दबलेला, गोल, आणि खारट चिखलाचा वास. गल्लीतली कुत्री माझ्या दाराशी येईनाशी झाली. मी जेवायला बसलो की समोर कुणीतरी वाट बघत बसलंय असं वाटायचं. लाल्या आठवायचा. मी सांगितल्याशिवाय तोही जेवायचा नाही. मीही ताट तसंच सारून उठायचो. घरी फोन केला, आई म्हणाली आवाज का असा? म्हटलं, थंडी.

चौथ्या दिवशी कामाला दांडी मारून परत पेणला गेलो. धर्मीआक्का मिठाचे ढीग करत होती. मला बघून, म्हणजे माझ्या जरा मागं बघून, तिनं हातातलं फावडं टेकलं.

“सोडवताना काय बोललास त्या दिशी?”

“आमच्याकडं म्हणतात तेच. झालं, चल.”

“चल बोललास?” तिनं कपाळावर हात मारला. “येऱ्या! चल बोलल्यावर तो येनारच. कुत्रा हाय तो, मानूस हाय काय, ऐकून न ऐकल्यासारखा कराया!”

आणि हसली हो ती. मला मात्र रडू आलं. म्हटलं, “आक्का, मला नाय सांभाळायचा. काय करू?”

ती म्हणाली, “माज्या सासूनं सांगितलेला. ह्यो उघाडीवं बसायचा. साहेब गेला तवा ह्याला राखाया लावून गेला. परत आलाच नाय सोडवाया, हा वाट बगत हितंच मेला. त्याला काम लागतं रं, दुसरा काय नाय.”

आम्ही दोघं बांधावरून सातव्या दगडाशी गेलो. ओहोटी होती. आक्कानं डोक्यावरची चुंबळ काढली, मिठाची पाटी डोक्यावर घेताना खाली ठेवतात ती कापडाची गुंडाळी, आणि दगडावर ठेवली. मला म्हणाली, “तू बोल, बस.” मी म्हणालो, “बस.” मग ती वाकली, गुडघा धरून, आणि नातवाशी बोलावं तसं म्हणाली, “राख रं बाबा. माजा मीठ राख.”

चुंबळ आमच्या डोळ्यांसमोर मधोमध दबली. हळूच. जणू कुणी दमून हनुवटी टेकली.

परतीच्या गाडीत माझ्या पायाशी कुणी नव्हतं. त्या रात्री मी पोटभर जेवलो.

ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही. ज्याला येत असेल त्यानं सांगावं. ओवी बरी आहे, शाळेत जाते, एवढं शेठकडून कळलं. पण मला झोपेत एकच गोष्ट उठवते. निघताना मी विचारलं होतं, “आक्का, आता तो तुझ्या शब्दावर बसलाय. तू... तू नसशील तेव्हा?”

ती म्हणाली, “तवाचा तवा. तू जा, गारी चुकल.”

पण मला माहीत आहे, ज्यानं लावलं त्यानंच सोडवायचं. ती गेली तर तो परत शंभर वर्षं तिथंच. आणि पुन्हा कुणाची तरी पोर तिथं हात लावायला जाईल. माझं ओझं त्या बाईनं स्वतःच्या नावावर घेतलंय.

म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहून ठेवतो. धर्मीआक्का, अजून माझी छाती होत नाही, पण तुझे हातपाय चालतायत तोवर मी येईन. आईनं विणलेली घोंगडी तुझ्या खांद्यावर घालीन. मग तू चुंबळ उचल, तूच “झालं” म्हण. आणि “चल” मी म्हणेन. ह्या वेळी समजून उमजून. त्याला सांगोल्याच्या माळावर नेईन, मेंढरांत. तिथं त्याला काम आहे.