पंचनाम्यातली बाटली

ती केस आठवली की मला आजही आधी माझंच हस्ताक्षर दिसतं.

खालापूर तालुक्यातल्या एका धरणावर दोन बोटी चालायच्या. एक बोट माणसाला फळीवर उभं करून दोरीनं ओढायची, तिला संथ पाणी लागायचं. दुसरी केळ्याच्या आकाराचा रबरी फुगा ओढायची, त्यावर बसणाऱ्यांना लाटा हव्या असायच्या. सकाळी दहापर्यंत फळी, नंतर फुगा, असं ठरलं होतं. तरी रोज जुंपायची.

एका रविवारी सव्वादहाला फुग्याच्या बोटीनं अचानक वळण घेतलं. मागचा फुगा बाजूला फेकला गेला आणि फळीवरच्या मुलीला धडकला. तिचा खांदा निखळला. फळीच्या बोटीवाल्याचा आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला. "साहेब, त्यानं मुद्दाम केलंय. कालच म्हणाला होता, उद्या बघतोच तुमाला."

मी जागेवर गेलो. फुग्याच्या बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात अडकलेली एक वस्तू काढून पंचनाम्यात लिहिलं, 'प्लास्टिकची बाटली, दोरीसह. कचरा.'

ती बोट चालवणारा दहिवली गावचा, चाळिशीचा. "माजीच चूक हाय, साहेब. काय ल्ह्यायचं ते ल्ह्या." एवढंच बोलला. पकडलेला माणूस आधी दुसऱ्याकडे बोट दाखवतो. फळीची बोट दहानंतरही पाण्यात होती, हे तरी त्यानं सांगायला हवं होतं. तिथंच मला खटकायला हवं होतं. पण चहा यायच्या आत कबुली मिळाली म्हणून मी खूश! त्याला कोठडीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी मुद्देमाल नोंदवताना कोंडाणे गावाकडची आमची महिला शिपाई थांबली. "सर, हा कचरा नाय. गाठ बघा. जाळं तरंगायला आमच्याकडं अशाच बाटल्या बांधतात."

मी पुन्हा धरणावर गेलो. काठावर एक आदिवासी म्हातारी तशाच बाटल्या बांधलेलं, फाटलेलं जाळं विणत होती. शेजारी ट्रकची हवा भरलेली ट्यूब होती. तिच्यावर बसून ती पाण्यात जाळं टाकायची. धरणावरच्या बोटींच्या ठेकेदारानं तिला दम दिला होता, पुन्हा पाण्यात दिसलीस तर जाळं जप्त.

मला बघताच ती उठली. "त्याला सोडा, साहेब. मी मधी आले म्हणून वळला तो. नाय तर मी गेलेच असते. जाळं न्यायचं तर न्या."

मी ठाण्यात येऊन त्याला विचारलं, "अरे, बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर मावशीचं जाळं गेलं असतं. माजी बोट बंद पडली तर मी चौक गावाला गॅरेजात काम करीन. तिला दुसरं काय येतंय?"

मला त्याच्याकडे बघवेना.

त्या मुलीनं जबाबात सरळ सांगितलं की वेळ फळीच्या बोटीवाल्यानंच मोडली होती आणि त्याच्या बोटीत मागे लक्ष ठेवायलाही कुणी नव्हतं. गुन्हा गैरसमजातून नोंदला गेला, असा 'क' समरीचा अहवाल कोर्टात गेला आणि फुग्याचा बोटवाला सुटला. ठेकेदाराला बोलावून मी धरणाचा एक कोपरा जाळ्यांसाठी मोकळा ठेवायला लावला.

गुन्हेगार ओळखायला मी नोकरीत शिकलो. कबुली देणारा प्रत्येक जण गुन्हेगार नसतो, हे त्या माणसानं शिकवलं. पण पंचनाम्यात मागाहून खाडाखोड करता येत नाही. एका म्हातारीचं पोट ज्या बाटलीवर चालायचं, तिच्यापुढे माझ्या हातचा 'कचरा' हा शब्द अजून तसाच आहे.